लगाम कुणाच्या हातात? चित्रांतल्या घोडागाड्या आणि मानमरातब

साताऱ्याहून एकांनी विचारलंय. घरी पणजोबांचा हाताने रंगवलेला फोटो आहे. पणजोबा वकील. व्हिक्टोरिया गाडीत ऐटीत बसलेत, पुढे उंचावर कोचमन, घोड्याच्या तोंडाशी एक पोरगा. घरात पूर्वीपासून सांगत आलेत की गाडी आपली, घोडा आपला, मागच्या अंगाला पागासुद्धा होती. त्यावरून तीन प्रश्न आहेत. फोटोवरून हे खरं मानावं का? युरोपातल्या चित्रांत घोडागाडी म्हणजे प्रतिष्ठा, मग आपल्या जुन्या चित्रांत ती का सापडत नाही? आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला या विषयावर प्रकल्प करायचाय, तिने कोणती चित्रं घ्यावीत? फोटोची स्कॅन केलेली प्रतही सोबत आहे.

माझं काम सांगलीत जुनी तैलचित्रं आणि रंगवलेले फोटो साफ करायचं, फाटलेले सांधायचं. वाड्यांतून, वकिलांच्या नि अडत व्यापाऱ्यांच्या दिवाणखान्यांतून आलेले असे बरेच फोटो हाताखालून गेलेत. म्हणून आधी फोटोचंच सांगते.

गाडीकडे नंतर बघू, आधी घोडा बघा. तुमच्या फोटोतला घोडा अंगाने बेताचा आहे, भीमथडी तट्टाच्या जातकुळीचा वाटतो. काटक, कमी खाणारं, घाटात न दमणारं जनावर. मराठ्यांच्या स्वाऱ्या याच घोड्यांवर झाल्या, तेव्हा त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण १९०० च्या आगेमागे ज्याला गाडीचा तोरा मिरवायचा असे, तो ऑस्ट्रेलियातून येणारे उंचेपुरे वेलर घोडे घेई, आणि जमलं तर रंगाला रंग जुळणारी जोडी. इथे एकच घोडा आहे. साजाचं चामडंही छातीपट्ट्यापाशी झिजून पांढरं पडलंय. रंगवणाऱ्याने त्यावर तपकिरी हात फिरवलाय, तरी भेगा दिसतातच.

आता तो पोरगा. घोड्याच्या तोंडाशी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, उभा दिसला की लोक लगेच म्हणतात, बघा, नोकरचाकर होते. जरा थांबा. त्या काळी जिल्ह्याच्या गावातला फोटोग्राफर मोठा लाकडी कॅमेरा तिकाटण्यावर लावून बाहेर फोटो काढायचा, तेव्हा माणसं श्वास रोखून बसायची. घोड्याला कोण सांगणार? तो कान हलवतो, माशी बसली की मान झटकतो. म्हणून कुणीतरी लगामाशी उभं राहून त्याला धरून ठेवावं लागे. तुमच्या फोटोत घोड्याचा डावा कान दुहेरी उमटलाय, आणि पोराची बोटं कडीपाशी घट्ट आवळलेली आहेत. तो तिथे कामावर आहे, शोभेला उभा केलेला नाही.

आणि रंग बघा कुठे कुठे लागलाय. पणजोबांच्या पगडीचा काठ, कोटाची बटणं, गाडीचे दोन्ही दिवे आणि चाकाच्या तुंब्यावरची पितळी टोपी, एवढ्यावर सोनेरी. गालांना गुलाबी, घोड्याला तांबूस. कोचमनच्या फेट्याला लाल. पोराला मात्र रंगाचा थेंबसुद्धा नाही. तो फोटोत होता तसा करडाच राहिलाय. अशा फोटोंत हे सर्रास सापडतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरेल त्यालाच रंग मिळायचा. चित्रात कुणाची किती किंमत हे यातून जेवढं कळतं तेवढं गाडीच्या आकारावरून कळत नाही.

राहिला मालकीचा प्रश्न. डाव्या दिव्याखाली गाडीच्या अंगावर एक काळा चौकोन आहे. बाकीची गाडी फोटोतल्या मूळ छटेची, हा चौकोन तेवढा ब्रशने भरलेला, कडा सरळ. भाड्याच्या गाड्यांना नंबर लावावा लागे आणि तो दिसेल अशा जागी असे. खासगी गाडीवर त्या जागी एक तर काही नसे, नाहीतर मालकाच्या नावाची अक्षरं असत, आणि ती झाकायचं कुणाला काही कारण नव्हतं. माझा कौल भाड्याच्या गाडीकडे झुकतो. मूळ फोटोवर बाजूने तिरपा उजेड टाकून बघा. रंगाखाली आकड्याचा उंचवटा काही दिसणार नाही, कारण तो फोटोच आहे, पण रंगाचा थर पातळ असेल तर कडेने एखादी रेघ डोकावते.

म्हणून घरच्यांनी थापा मारल्या असं नाही. फोटोपुरती गाडी आणवणं तेव्हा सगळीकडे चालायचं, आणि कदाचित पुढे त्यांनी खरंच गाडी घेतलीही असेल. शिवाय आपण कोण आहोत याचा दावा मांडायला ते कॅमेऱ्यापुढे बसले होते, आणि दावा मांडणं हा तर वकिलाचा धंदाच.

स्वतःची गाडी ठेवणं किती जड होतं हे लक्षात घेतलं की हा सगळा खटाटोप कळतो. गाडी एकदा विकत घेऊन भागत नाही. घोडा उभा असला तरी खातो. हरभरा, कडबा, महिन्या-दीड महिन्याला नाल, उन्हाळ्यात लाकूड आटून चाकाची लोखंडी धाव सैल झाली की चाक लोहाराकडे, कोचमनचा पगार, मोतद्दाराचा पगार, शिवाय गाडी आत जाईल एवढं दार असलेली जागा. जमीन गहाण टाकून दागिने करता येतात, गाडी ठेवायची तर दर महिन्याला रोकड लागते. चित्रकारांनी आणि चित्रं काढून घेणाऱ्यांनी गाडी निवडली ती याचसाठी. इंग्लंडात १७४७ पासून खासगी गाड्यांवर करही होता. म्हणजे दारात गाडी असणं सरकारदरबारी नोंदलेलं असे, आणि भिंतीवर तिचं चित्र लावणं म्हणजे ती नोंद पाहुण्यांना वाचून दाखवणं.

आता दुसरा प्रश्न, आपल्याकडे का नाही?

आपल्याकडे चाकाची गाडी चित्रांत आणि शिल्पांत फार जुनी आहे, पण ती देवांची आणि पुराणातल्या वीरांची. मावळात भाजे लेण्यांत, विहाराच्या दाराशी, चार घोड्यांचा रथ कोरलाय. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं काम. रथात सूर्य आहे असं बहुतेक मानतात. त्याच्या दोन बाजूंना दोन स्त्रिया, एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. चाकांखाली बेढब राक्षस चिरडले जातायत. छत्र, चवरी आणि पायाखाली कुणीतरी, एवढ्या तीन गोष्टींत मोठेपणा संपूर्ण सांगून झाला. घोडे तिथे वेगासाठी नाहीतच. कोणार्कला तर तेराव्या शतकात अख्खं देऊळच २४ चाकांचा रथ झालं.

माणसांच्या बाबतीत मात्र आपल्या भागात मान होता घोड्याचा, हत्तीवरच्या अंबारीचा आणि पालखीचा. मनुची या इटालियन प्रवाशाने जमवलेल्या चित्रांत मीर मुहम्मदाने काढलेले शिवाजी महाराज आहेत, ते घोड्यावर. आजवरचे अश्वारूढ पुतळे आठवा आणि त्यांतला एखादा बग्गीत बसवून बघा, नुसती कल्पना केली तरी कसंनुसं होतं. पेशवाईत आणि छत्रपतींच्या दरबारात कुणाला पालखी द्यायची, कुणाला तिच्यासोबत आबदागीर, म्हणजे मानाची छत्री, हे ठरलेलं असे आणि पालखीच्या खर्चासाठी वेगळी रक्कम नेमून मिळे. पालखी कुणालाही पैसे टाकून मिरवता येत नव्हती, ती वरून मिळावी लागे. गाडी पैसे टाकून घेता येते. जुन्या सरदार घराण्यांच्या नजरेला गाडी उशिरापर्यंत थोडी उपरी वाटली असेल तर त्यात नवल नाही.

दुसरं कारण अगदी साधं आहे. गाडीला रस्ता लागतो. पालखीला पायवाट पुरते. घाटमाथ्याच्या मुलखात कमानींवर झुलणारी चारचाकी न्यायची तर आधी दगडी भराव, मोऱ्या, बेताचा चढ हवा. प्रतापसिंह महाराजांच्या काळात साताऱ्याहून महाबळेश्वरला रस्ता झाला, पुढे १८४८ मध्ये राज्य खालसा झालं आणि साहेब, कचेऱ्या, कोर्टं आली. त्यानंतर बग्ग्या, शिग्राम, सारवट गाड्या, टांगे आले, आणि ते आधी फोटोत आले, चित्रांत नंतर. तेव्हा आपल्या भागातल्या जुन्या चित्रात किंवा फोटोत घोडागाडी दिसली तर मी ती जुन्या खानदानाची खूण समजत नाही. हा माणूस नव्या राजवटीत वर आलाय, कलेक्टर कचेरीत किंवा कोर्टात याची ऊठबस आहे, असं मी वाचते. तुमचे पणजोबा वकील, हे त्यात चपखल बसतं.

चाकाचा रथ आपल्याकडे गेला कुठे? देवाकडे. तासगावच्या गणपतीचा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांचा. तिन्ही ठिकाणी घोडे नाहीत, दोर माणसं ओढतात, आणि दोराला हात लागणं हाच मान. पुसेगावला रथावर नोटांच्या माळा चढतात, म्हणजे श्रीमंती दाखवायची हौस तिथेही फिटते, फक्त देवाच्या नावाने. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हल्ली दादा थेट सात घोड्यांच्या रथात उभे असतात. तो प्रकार मला कलाकुसर म्हणून काही आवडत नाही, पण मुलीने प्रकल्पात एक फ्लेक्स जरूर घ्यावा. भाजेच्या सूर्याची जागा कुणी घेतली हे त्यात उघड दिसतं.

मोगलांच्या दरबारातली एक हकिगत इथे सांगायलाच हवी. इंग्लंडचा राजदूत सर थॉमस रो याने १६१६ मध्ये अजमेरला जहांगीराला इंग्लिश बनावटीची गाडी नजर केली. बादशहाने कारागिरांकडून ती खोलवून तशीच दुसरी करून घेतली. मूळ गाडीचं आतलं कापड काढून जरतारी लावलं, पितळी खिळे उपसून चांदीचे ठोकले, आणि ती नूरजहानला दिली. स्वतः नव्या नकलेत बसून अजमेरहून निघाला, हाकायला भरजरी पोशाखातला इंग्रज कोचमन. तरी मोगल चित्रकारांनी बादशहा रंगवला तो झरोक्यात, हत्तीवर, घोड्यावर. गाडी गंमतीची वस्तू राहिली, सत्तेच्या चित्रात तिला जागा मिळाली नाही.

युरोपातही सुरुवातीला पुरुषाने गाडीत बसणं थोडं बायकी समजलं जाई. राजा घोड्यावर, राणी गाडीत, अशी मिरवणुकांची चित्रं चौदाव्या लुईच्या काळापर्यंत आहेत. नंतर गाडीच राजाचं सिंहासन झाली. लंडनची सोनेरी राजगाडी १७६२ ची, तिसऱ्या जॉर्जसाठी केलेली. वजन सुमारे चार टन, ओढायला आठ घोडे, आणि चाल माणसाच्या पावलाची. तिच्या दारांवर आणि बाजूच्या फळ्यांवर सिप्रियानी या इटालियन चित्रकाराने रूपकचित्रं रंगवली आहेत. म्हणजे गाडीचं चित्र राहू द्या, गाडीच चित्रांनी मढवली. तिचा सगळा रुबाब मंदपणात आहे. घाई त्याला असते ज्याला कुठेतरी वेळेवर पोचायचंय, राजा पोचेपर्यंत कुणी सुरुवातच करत नाही.

त्यानंतर तीसेक वर्षांत रुबाब उलटा झाला. फेटन नावाची उंच, हलकी, वेगवान गाडी आली आणि मोठ्या घरची तरुण मंडळी स्वतः हाकायला लागली. इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्सचं १७९३ चं चित्र मी शिकाऊ मुलांना नेहमी दाखवते, प्रिन्स ऑफ वेल्सच्या फेटनचं. त्यात प्रिन्स नाहीच. मोठ्या चाकांची फेटन उभी आहे, काळे घोडे जोडायचं काम चाललंय. लाल वर्दीतला जाड अंगाचा सरकारी कोचमन सॅम्युएल थॉमस घोड्यापाशी आहे, पलीकडे एक पोऱ्या, आणि फिनो नावाचा काळापांढरा कुत्रा घोड्यांपुढे उड्या मारतोय. सगळे तयार होतायत, यायचा आहे तो एकटाच. मालकाला न दाखवता त्याचा थाट दाखवायचा याहून नामी मार्ग मला तरी माहीत नाही. आणि या गाडीत कोचमन हाकणार नाही, लगाम प्रिन्स घेणार. हाकणं हीच चैन झाली.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो की लगाम कुणाच्या हातात. पोटासाठी हाकणारा आणि हौसेने हाकणारा यांत चित्रकार बरोबर फरक करतो. हौशी माणसाची कोपरं अंगाशी, चाबूक तिरपा, टोपी नवी. अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटच्या १८८१ च्या चित्रात तिची बहीण लिडिया लगाम धरून बसली आहे, शेजारी लहान मुलगी, आणि मोतद्दार मागच्या बाजूला पाठमोरा. ज्या रस्त्याने गाडी चाललीय तो त्याला दिसतच नाही, मागे पडलेला तेवढा दिसतो. बाई हाकतेय आणि पुरुष उलट्या तोंडाने बसलाय, हे त्या काळी पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटलं नसणार.

बसण्याची दिशा हा दुसरा प्रश्न. चारचाकीत घोड्यांकडे तोंड असलेली बाक मोठ्यांची, घोड्यांकडे पाठ असलेली धाकट्यांची किंवा आश्रितांची. आपल्या टांग्यात मागे उलटं बसावं लागतं. जुन्या पिढीतल्या कित्येक घरंदाज लोकांनी टांग्यात कोचमनच्या शेजारची पुढची जागा का सोडली नाही, त्याचं उत्तर यात आहे.

फ्रेंच चित्रकार देगाचं १८६९ चं घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरचं चित्र मला या सगळ्यांत उजवं वाटतं. १८७४ च्या पहिल्या इंप्रेशनिस्ट प्रदर्शनात ते होतं. देगाचा मित्र पॉल व्हालपँसों वर गाडीच्या बैठकीवर, जवळ कुत्रा, मागे बायको आणि बाळाला अंगावर पाजणारी दाई. घोड्यांचे पाय आणि गाडीची चाकं चित्राच्या कडेने सरळ कापून टाकलीत. शर्यत लांब कुठेतरी चाललीय. गाडी इथे दाखवायची वस्तू राहिलेली नाही, ते लोक जणू तिच्यातच जन्मले आहेत. नवश्रीमंत माणूस गाडी पूर्ण, चाकाचा आरा न आरा मोजता येईल अशी काढून घेतो. पिढीजात श्रीमंताला ती अर्धी कापलेली चालते. तुमच्या पणजोबांच्या फोटोत गाडी टोकापासून टोकापर्यंत बसवली आहे, त्यासाठी फोटोग्राफर मागे सरकलाय आणि माणसांचे चेहरे त्यामुळे बारीक झालेत.

आपल्या देशातलं तोडीस तोड उदाहरण म्हणजे कलकत्त्याच्या कराया भागातला शेख मुहम्मद अमीर. १८४० च्या दशकात तो इंग्रज साहेबांसाठी त्यांचे घोडे, कुत्रे, गाड्या आणि मोतद्दार जलरंगात काढून द्यायचा. मागे देखावा जवळजवळ नाही, मोकळा कागद आणि जमिनीवर सावली. मालक बहुतेक वेळा गायब. म्हणजे स्टब्सचीच युक्ती. पण अमीरचे मोतद्दार बघा. पागोट्याचे वळसे, कमरेचा पट्टा, उन्हात बारीक झालेले डोळे. चेहरा असलेली माणसं आहेत ती. साहेबाने मालमत्तेचं चित्र मागितलं आणि अमीरने त्यात माणूस काढून दिला, असं मला वाटतं. तुमच्या फोटोतल्या करड्या पोराशेजारी हे चित्र ठेवा, प्रकल्पाचं एक प्रकरण तिथेच तयार होईल.

मुलीला एक धागा मात्र खास आपला मिळेल. घरोघरी कॅलेंडरवर असणारा गीतोपदेशाचा रथ. सारथ्याची जागा पुढची आणि खालची. महाभारतात सूत, म्हणजे सारथी, हलक्या दर्जाचा, कर्णाला ‘सूतपुत्र’ म्हणून हिणवलं ते याचसाठी. आणि त्याच जागेवर कृष्ण बसतो. चित्रकारांची पंचाईत होते, देव खाली आणि भक्त वर कसा दाखवायचा? मग ते कृष्णाला वळवून आपल्याकडे तोंड करायला लावतात, आशीर्वादाचा हात उंचावतात, मागे तेजोवलय काढतात, अर्जुनाला हात जोडून वाकवतात. लगाम तेवढे कृष्णाच्याच हातात राहतात. वेगवेगळ्या काळातली असली कॅलेंडरं गोळा करून कृष्णाची बैठक कशी वर वर सरकत गेली ते तिने मोजावं. स्वस्तातलं साहित्य आहे आणि फारसं कुणी केलेलं नाही.

परदेशातली चित्रं त्या त्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात बघता येतात: स्टब्स ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात, देगा बॉस्टनला, कॅसॅट फिलाडेल्फियाला. त्याआधी तिला औंधला न्या. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या भवानी संग्रहालयात रविवर्मा आणि धुरंधर या चित्रकारांची चित्रं समोरासमोर बघता येतात, आणि पाश्चात्त्य धर्तीचं तैलचित्र आपल्या संस्थानांत कसं रुजलं हे कळतं. ते कळल्याशिवाय गाडीतला वकील समजायचा नाही. भाजेला जायचं तर टॉर्च सोबत घ्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाका. समोरून बघितलं तर नुसता रथ दिसतो, तिरप्या उजेडात चाकाखालचे राक्षस वर येतात.